फुलांच्या बेटांना मिळाले निरोगी बेणे



इंग्लंडमध्ये डिसेंबर महिन्यात दुपारी चारच्या सुमारासच दिवे लावावे लागतात. झाडांवर पान उरत नाही आणि आकाश दिवसचे दिवस राखाडी असते. अशा दिवसांत तेथील बाजारात एक पिवळेधमक सुवासिक फूल येते. एका दांड्यावर दहा-बारा लहान फुलांचा झुबका, पाकळ्या सोनेरी आणि मधोमध नारिंगी वाटी. त्याचे नाव आहे 'ग्रां सोलेल दोर'. आपल्या बेटावरील वाचकांना या फ्रेंच नावाचा अर्थ सांगावयास नको. सोन्याचा थोरला सूर्य! शिक्षणासाठी किंवा परिचारिकेच्या नोकरीसाठी विलायतेस गेलेल्या आपल्या कित्येक लेकीबाळींनी ही फुले रुग्णांच्या उशाशी पाहिली असतील.

हे फूल येते कोठून? इंग्लंडच्या अगदी नैऋत्य टोकापासून सुमारे ४५ किलोमीटर दूर समुद्रात सिली नावाची बेटे आहेत, तेथून. फूल नर्गिसाच्या कुळातले. आपल्या निशिगंधाप्रमाणे तेही कंदापासून येते. या फुलावर एकेकाळी असे संकट आले की शेतकऱ्याच्या कोणत्याही औषधाला ते दाद देईना. त्यावर तोड निघाली ती शेतात नव्हे, तर काचेच्या नळीत. झाडाचा सुईच्या टोकाएवढा तुकडा घेऊन त्यापासून निरोगी झाड उभे करण्याच्या या विद्येला आपल्याकडे ऊतिसंवर्धन म्हणतात, इंग्रजीत टिश्यू कल्चर. तिची हकीकत आज आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत. बेटावर राहणाऱ्या माणसांना दुसऱ्या बेटाची गोष्ट लवकर कळते, असा आमचा विश्वास आहे.

१८३४ सालची दोन बेटे

१८३४ हे साल आपल्या घराघरांत ठाऊक आहे. त्या वर्षी २ नोव्हेंबरला 'ॲटलस' जहाज पोर्ट लुईच्या बंदराला लागले आणि मळ्यांवरील करारबद्ध मजुरीचे पर्व सुरू झाले. त्याच दशकापासून मुंबई बंदरातून आपले पूर्वजही येऊ लागले. योगायोग असा, की त्याच १८३४ साली सिली बेटांचा ताबा ऑगस्टस स्मिथ नावाच्या एका धनिकाने भाडेपट्ट्याने घेतला. बेटे लहान. सर्वांचे मिळून क्षेत्रफळ अवघे सोळा चौरस किलोमीटर. मनुष्यवस्ती फक्त पाच बेटांवर: सेंट मेरीज, ट्रेस्को, सेंट मार्टिन्स, ब्रायर आणि सेंट ॲग्नेस. लोक समुद्रशेवाळ जाळून त्याची राख विकीत, जहाजे बांधीत, लवकर येणारे बटाटे पिकवीत. एकेक धंदा काळाच्या ओघात बुडत गेला.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फुलांनी हात दिला. बेटांवर एक गोष्ट सांगतात. विल्यम ट्रेव्हेलिक नावाच्या शेतकऱ्याने बांधावर उगवलेली थोडी फुले टोपीच्या खोक्यात भरून लंडनच्या कॉव्हेंट गार्डन बाजारात धाडली, आणि त्याच्या हाती साडेसात शिलिंग पडले. मुख्य भूमीवर थंडीने सारे गारठलेले असताना सिलीला गल्फ स्ट्रीमच्या उबदार पाण्यामुळे हवा सौम्य असते आणि फूल कित्येक आठवडे आधी येते. स्मिथचा पुतण्या टी. ए. डोरियन-स्मिथ याने पुढे हा धंदा वाढवला. वाऱ्यापासून आडोसा मिळावा म्हणून शेतकऱ्यांनी उंच कुंपणे लावली, इतकी दाट की वरून पाहिल्यास शेते खणांच्या पेटीसारखी दिसतात. 'सोलेल दोर'च्या वाफ्यांवर उन्हाळ्यात पेंढा पसरून तो जाळीत. त्या धुराने फूल लवकर येते, हे शेतकऱ्यांनी अनुभवाने जाणले होते. धुरातील एथिलीन वायूची ही करामत आहे, हे शास्त्राने मागाहून सांगितले. आता पेंढा जाळण्याऐवजी वाफ्यावर प्लॅस्टिकचे आच्छादन घालून त्याखाली धूर सोडतात.

ज्याप्रमाणे आपल्याकडे उसावर घरे चालली, त्याप्रमाणे तेथे फुलावर चालली. एका पिकावर जगणाऱ्या बेटाचे सुखदुःख त्या पिकाच्या प्रकृतीवर अवलंबून असते, हे आपणांस वेगळे सांगावयास नको.

वारशात येणारा रोग

उसाचे बेणे आपण जाणतो. कांडी पुरली की त्याच जातीचा ऊस उगवतो. गोडी तीच आणि रंगही तोच. परंतु कांडीत रोग असेल तर तोही पुढच्या पिढीत जसाच्या तसा उतरतो. फुलांच्या कंदाचे असेच आहे. बी पेरून 'सोलेल दोर' हुबेहूब मिळत नाही. मूळ कंदाशेजारी जी पिल्ले येतात तीच वेगळी करून लावावी लागतात. म्हणजे सिलीच्या सर्व शेतांतील सोलेल दोर हे एका अर्थी एकच झाड आहे, लाखो तुकड्यांत विभागलेले. शंभर वर्षांत या झाडाला जे जे लागले ते ते त्याच्या सर्व संततीत साठत गेले.

पहिला मोठा शत्रू होता सूत्रकृमी, डोळ्यांनी क्वचितच दिसणारा धाग्यासारखा किडा. पहिल्या महायुद्धाच्या काळात त्याने इंग्लंडमधील नर्गिसाची शेती बुडवत आणली होती. त्यावर १९१६-१७ साली जेम्स रॅम्सबॉटम नावाच्या तरुण संशोधकाने विस्ली येथील बागेत उपाय शोधला. कंद सुमारे ४३ अंश सेल्सियस गरम पाण्यात तीन-चार तास ठेवावयाचे. एवढ्या उष्णतेत किडा मरतो आणि कंद जगतो. आपल्याकडेही उसाच्या बेण्याला रोग घालविण्यासाठी गरम पाण्यात बुडवीत आले आहेत, तेव्हा ही युक्ती आपल्या परिचयाची आहे.

परंतु दुसरा शत्रू या पाण्याला भीक घालीत नव्हता. तो म्हणजे विषाणू. विषाणूने पानांवर फिकट पट्टे पडतात, दांडा आखूड होतो, फुलांची संख्या आणि कंदाचे वजन घटते. झाड मरत नाही, पण वर्षानुवर्षे खंगत जाते. शेतकरी खत बदलतो, जमीन बदलतो, आणि शेवटी म्हणतो की ही जातच आता म्हातारी झाली. वास्तविक जात म्हातारी झालेली नसते, आजारी असते. विषाणू झाडाच्या पेशीतच राहून वाढतो, म्हणून त्याला मारणारे औषध झाडालाही मारते. सर्व झाडे आजारी, निरोगी असे एकही उरलेले नाही, मग बेणे आणावयाचे कोठून?

शेंड्याचे गुपित

उत्तर झाडाच्या शेंड्यात दडलेले होते. प्रत्येक कोंबाच्या अगदी टोकाला घुमटासारखा एक नाजूक ठिपका असतो. नवी पाने आणि नवा दांडा तेथूनच निघतो. त्याला आपण वाढबिंदू म्हणू. या ठिपक्यात पेशी इतक्या वेगाने नवीन होत असतात, आणि अन्नरस वाहणाऱ्या नलिका तेथवर पोहोचलेल्याच नसतात, म्हणून विषाणू सहसा त्या टोकापर्यंत पोहोचत नाही. १९४९ साली लिमासे आणि कोर्नुए या फ्रेंच शास्त्रज्ञांनी तंबाखूच्या झाडात दाखवून दिले की शेंड्याकडे जावे तसतसा विषाणू विरळ होत जातो. मग १९५२ साली जॉर्ज मोरेल आणि मार्टिन यांनी आजारी डेलियाचा वाढबिंदू कापून काचेच्या नळीत वाढवला आणि त्यापासून निरोगी डेलिया मिळवला. रोगी आईच्या पोटी निरोगी मूल जन्मावे, तसेच हे झाले.

इंग्लंडमध्ये ही विद्या आधी बटाट्याच्या कामी आली. 'किंग एडवर्ड' ही तेथील घरोघरची बटाट्याची जात. तिच्या झाडून सर्व झाडांत एक विषाणू मुरलेला होता. १९५७ साली रोथॅमस्टेड संशोधन केंद्रात बेसिल कसानिस यांनी वाढबिंदूपासून या जातीची निरोगी झाडे तयार केली. जी जात कोणीही रोगाविना पाहिलेली नव्हती, ती प्रथमच रोगाविना उभी राहिली.

फुलांची पाळी त्यानंतर आली. ससेक्स परगण्यात समुद्रकाठी लिटलहॅम्प्टन गावाजवळ काचघरातील पिकांचे एक सरकारी संशोधन केंद्र होते. तेथे कार्नेशन आणि शेवंती या फुलांवर हे काम चालले होतेच. १९७३ साली त्या केंद्रातील ओ. एम. स्टोन यांनी 'ग्रां सोलेल दोर'मधून विषाणू काढून टाकल्याचे आणि निरोगी रोपे झपाट्याने वाढविण्याची रीत सापडल्याचे प्रसिद्ध केले. सिली बेटांसाठी ही बातमी लहान नव्हती.

नळीत झाड कसे वाढते?

ही रीत वाचकांना समजावून सांगणे अवघड नाही. ज्या भगिनी घरी लोणचे घालतात त्यांना तिचा अर्धा भाग पाठच आहे: भांडे निर्जंतुक हवे, हात स्वच्छ हवा आणि ओल नको तेथे ओल नको.

प्रथम चांगल्या जातीचा कंद घेऊन त्याचे बाहेरचे पापुद्रे काढतात. आतला भाग ब्लिचिंगच्या पाण्याने धुऊन निर्मळ पाण्यात खळबळतात. मग गाळलेली हवा वाहत असलेल्या पेटीत, सूक्ष्मदर्शकाखाली, पात्याने एकेक कोवळे पान सोलीत वाढबिंदूपर्यंत पोहोचतात. कापावयाचा तुकडा अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही लहान असतो. येथे खरी कसोटी आहे. तुकडा फार लहान घेतला तर तो जगत नाही. मोठा घेतला तर जगतो, पण विषाणूही बरोबर घेऊन येतो. हाताचे कसब आणि मनाचा धीर दोन्ही लागतात. कित्येक नळ्यांतून एखादीच कामास येते.

हा तुकडा ज्या लापशीवर ठेवतात ती दिसावयास साबुदाण्याच्या खिरीसारखी थलथलीत असते. समुद्रशेवाळापासून काढलेला अगर घालून पाणी घट्ट करतात. त्यात साखर, क्षार आणि जीवनसत्त्वे असतात. झाड नळीत स्वतःचे अन्न पुरेसे करू शकत नाही, म्हणून साखर लागते. या लापशीचे जे प्रमाण जगभर वापरतात ते १९६२ साली मुराशिगे आणि स्कूग यांनी ठरवून दिले. त्याखेरीज दोन तऱ्हेची संजीवके घालतात. एक मूळ फोडण्यास मदत करते, दुसरे कोंब फोडण्यास. १९५७ साली स्कूग आणि मिलर यांनी दाखवले की या दोघांचे प्रमाण बदलले की तोच तुकडा कधी मुळे धरतो तर कधी कोंब. मीठ आणि मसाला तोच असून स्वयंपाकीण प्रमाण बदलून चव बदलते, तसाच हा प्रकार.

नळ्या सुमारे १२१ अंश तापमानाच्या वाफेत, दाबाखाली, पंधरा-वीस मिनिटे ठेवून निर्जंतुक केलेल्या असतात. एवढे करूनही एक बुरशीचा कण आत शिरला तर साखरेवर तो झाडाच्या आधी फोफावतो आणि नळी फेकून द्यावी लागते. जी नळी वाचते तिच्यात काही आठवड्यांनी हिरवा कोंब आणि पुढे तांदळाच्या दाण्यासारखा इवलासा कंद दिसू लागतो. तो कंद बाहेर मातीत आणल्यावर फूल देण्यास आणखी तीन-चार वर्षे घेतो.

संख्या कशी वाढवावयाची?

एक निरोगी कंद मिळाला म्हणून बेट तरले असे होत नाही. शेतात नर्गिसाचा कंद वर्षाला सरासरी १.६ पट वाढतो. वाचकांनी पाटीवर हिशेब करून पाहावा: एकाचे हजार होण्यास या गतीने पंधरा वर्षे लागतात. हजार कंद म्हणजे एका वाफ्याचीही बेगमी नाही!

म्हणून दोन हातांनी काम करावे लागते. एक हात प्रयोगशाळेचा. नळीतील कोंबाचे पुन्हा तुकडे करून नव्या लापशीवर ठेवले की प्रत्येक तुकडा पुन्हा कोंब देतो. पण प्रत्येक वेळी माणसाच्या बोटांचे काम असल्याने हे महाग पडते. दुसरा हात शेतकऱ्याचा. त्याला फक्त चांगली सुरी लागते. कंद कांद्यासारखा उभा चिरून दोन-दोन पापुद्र्यांचे, खाली बुडाचा अंश राहील असे, तुकडे करतात. ते तुकडे दमट भुशासारख्या व्हर्मिक्युलाइटमध्ये, पिशवीत घालून, सुमारे वीस अंश तापमानात बारा आठवडे ठेवले की पापुद्र्यांच्या बेचक्यात नवे बालकंद धरतात. एका मोठ्या कंदापासून असे कित्येक डझन मिळतात. प्रयोगशाळेने शुद्ध मूळ द्यावे आणि सुरीने ते वाढवावे, अशी ही वाटणी आहे. त्यातून तयार झालेले निरोगी कंद सिलीच्या शेतकऱ्यांपर्यंत पोहोचले. त्या कंदांची झाडे जोमाने वाढली, फुलेही अधिक आणि मोठी आली.

शुद्ध आरंभ पुरेसा नाही

आता आम्ही मुख्य मुद्द्याकडे येतो. नळीतून आलेल्या झाडाला विषाणूची लस टोचलेली नसते. ते निरोगी असते, पण रोगाला अभेद्य नसते. उलट, मावा नावाचा किडा आजारी झाडाचा रस शोषून शेजारच्या निरोगी झाडावर बसला की क्षणात विषाणू तेथे पोहोचतो. काही विषाणू जमिनीतील सूत्रकृमी पसरवतात.

याच कारणाने इंग्लंडमधील जाणकार अशा कंदांना 'विषाणुमुक्त' न म्हणता 'विषाणू-तपासलेले' म्हणतात. शब्दातला हा फरक प्रामाणिकपणाचा आहे. तपासले तेव्हा सापडला नाही, एवढेच कोणी खात्रीने सांगू शकतो. तपासणीची पद्धतही ब्रिटनमध्येच सोपी झाली. १९७७ साली ईस्ट मॉलिंग संशोधन केंद्रातील क्लार्क आणि ॲडम्स यांनी एलायझा ही चाचणी वनस्पतींच्या विषाणूंसाठी कशी वापरावी ते दाखवले. पानाचा रस छोट्या वाट्यांच्या तबकडीत घातला की विषाणू असेल तेथे रंग येतो. एका दिवसात शेकडो झाडे तपासता येऊ लागली.

म्हणून निरोगी कंदांचे शेत जुन्या शेतापासून दूर लावावे लागते, मधे उंच कुंपण असल्यास उत्तम. दर हंगामात शेतातून चालत जाऊन संशयित झाड उपटून काढावे लागते. अवजारे धुवावी लागतात. आणि सर्वांत कठीण गोष्ट म्हणजे शेजाऱ्यानेही तेच करावे लागते. एकाच्या शेतात रोगट वाफा राहिला तर मावा काही परवाना मागून कुंपण ओलांडत नाही. बेट लहान असल्याचा येथे तोटा आहे, तसा फायदाही आहे. मधे समुद्र असल्याने बाहेरचा रोग सहज येत नाही, आणि माणसे एकमेकांना ओळखत असल्याने नियम पाळणे व पाळवून घेणे शक्य होते.

सरकारी आधार कायम राहत नाही, हेही येथे नमूद केले पाहिजे. कॉर्नवॉलमधील रोझवॉर्न येथे फुलांच्या शेतीचे प्रयोगकेंद्र होते. ते १९८० च्या दशकाअखेर बंद झाले. लिटलहॅम्प्टनचे केंद्रही पुढे दुसऱ्या संस्थेत विलीन होऊन १९९० च्या दशकात बंद झाले. ज्या खोलीत सोलेल दोरला नवा जन्म मिळाला ती उरली नाही. कंद मात्र शेतकऱ्यांच्या हाती राहिले. आज सिलीची लोकसंख्या सुमारे दोन हजार आहे. पर्यटन हा तेथील मोठा धंदा झाला असून फुलांची शेते पूर्वीपेक्षा कमी आहेत. तरीही हिवाळ्यात तेथून सुवासिक फुलांच्या पेट्या टपालाने ब्रिटनभर घरोघरी जातात. मूठभर शेतकऱ्यांनी जे टिकवले ते टिकले.

एकाच साच्याचा धोका

या विद्येची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. १९६० साली त्याच जॉर्ज मोरेल यांनी सिंबिडियम या ऑर्किडचा वाढबिंदू नळीत वाढवून दाखवला. तोपर्यंत उत्तम ऑर्किडचे रोप श्रीमंतांच्या काचघरापुरतेच होते. त्यानंतर एका झाडाची हजारो झाली आणि ऑर्किड सामान्य माणसाच्या टेबलावर आले. पुण्याच्या आसपास, तळेगावच्या बाजूस, पॉलीहाऊसमध्ये जी जरबेराची फुले पिकतात आणि लग्नाच्या मंडपात दिसतात, त्यांची रोपेही ऊतिसंवर्धनाचीच असतात. पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा या शास्त्रात अग्रेसर राहिली. कित्येक दशकांतून एकदा फुलणाऱ्या बांबूला नळीतच फुलोरा आल्याचे तेथील शास्त्रज्ञांनी १९९० साली जगाला कळविले.

पण हजारो झाडे एकाच झाडाच्या प्रती असल्या म्हणजे एकाचे दुखणे ते सर्वांचे दुखणे. १९८० च्या दशकात हवाई बेटांवर अँथुरियमच्या फुलांवर जिवाणूंचा करपा आला आणि तेथील उत्पादन जवळजवळ अर्ध्यावर आले. तेथेही निरोगी रोपे काचेच्या नळीतूनच घ्यावी लागली, पण तेवढ्याने भागले नाही. रोगाला तोंड देणाऱ्या नव्या, वेगळ्या जाती तयार कराव्या लागल्या. निरोगी बेणे आणि जातींची विविधता ही गाडीची दोन चाके आहेत.

लंडनच्या क्यू उद्यानाने हे ओळखले आहे. १९७४ साली तेथे दुर्मिळ वनस्पती नळीत वाढविण्याचा विभाग सुरू झाला. इंग्लंडमधील 'लेडीज स्लिपर' हे रानटी ऑर्किड फुले तोडणाऱ्यांच्या हव्यासाने इतके नष्ट झाले होते की यॉर्कशायरमध्ये एकच रानटी झाड उरले होते. त्याला वाचविताना शास्त्रज्ञांनी एकाच झाडाच्या प्रती काढण्याचा सोपा मार्ग धरला नाही. बी धरवून, ते बी नळीत रुजवून, प्रत्येक रोप थोडे वेगळे असेल अशी रोपे रानात लावली. त्यांतील पहिले रोप २००० साली फुलले. बाजारासाठी सारखेपणा हवा असतो, परंतु टिकून राहण्यासाठी वेगळेपणा हवा असतो.

आपण काय घ्यावे?

आपल्या बेटावरून अँथुरियमची फुले दूरदेशी जात आली आहेत. वरच्या पठारावरील दमट हवेत, जाळीच्या छपराखाली, कित्येक कुटुंबांनी त्यावर मुलांची शिक्षणे केली आहेत. सिलीच्या शेतकऱ्यापुढे जे प्रश्न होते तेच थोड्या फरकाने आपल्यापुढे आहेत: लहान जमीन, दूरची बाजारपेठ आणि बाहेरून येणारा रोग.

आमच्या वाचकांपैकी जे फुले पिकवतात त्यांना आमची विनंती आहे. रोप घेताना केवळ किंमत विचारू नका, ते तपासलेले आहे काय आणि कोठे तपासले हेही विचारा. शेजाऱ्याने प्रेमाने दिलेली फांदी किंवा मूळ शेतात लावण्यापूर्वी काही दिवस वेगळे ठेवून पाहा. एका झाडावरून दुसऱ्या झाडाकडे जाताना सुरी पुसा. एकाच जातीवर सर्व भार टाकू नका. परदेशातून येताना पिशवीत लपवून कंद किंवा रोप आणणे हा केवळ कायद्याचा भंग नाही. त्यात साऱ्या बेटाच्या उपजीविकेला धोका आहे.

आणि आपल्या मुलामुलींनी, जे रेड्युईच्या विद्यापीठात किंवा परदेशात जीवशास्त्र शिकत आहेत, त्यांनी या विद्येकडे जरूर पाहावे. तिला अवाढव्य कारखाना किंवा शेकडो एकर जमीन लागत नाही. एक स्वच्छ खोली, स्थिर हात आणि चिकाटी एवढे भांडवल लागते, आणि ज्या समाजाचे पूर्वज उघड्या हातांनी दगड वेचून उसाची शेते तयार करीत होते, त्या समाजाला चिकाटी कोणी शिकवावयास नको.

निरोगी बेणे काचेच्या नळीतून मिळते. ते निरोगी ठेवणे मात्र शेजाऱ्याशेजाऱ्यांच्या हाती असते. सिलीच्या सोनेरी फुलांची ही शिकवण आपल्या बेटानेही घ्यावी, एवढेच आमचे सांगणे आहे.